अर्धेलीचा नवाब

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. भांडकुदळ होतो म्हणून नव्हे. आमच्या मागच्या खोलीची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती म्हणून. पलीकडे लूम सुरू असले की भिंत, मांडणीवरची भांडी आणि जेवायला बसलेली माणसं, सगळं एका तालात बारीक थरथरायचं. आई स्टोव्हपाशी बसून 'मीठ दे' म्हणायची, ते खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. भिवंडी एकदम गप्प व्हायची, पण आमच्या गळ्यांना ते कळायचं नाही. त्यामुळे आज घरात जवळा केलाय की सोडे, मला केमिस्ट्रीत किती पडले, पप्पांचं पोट कालपासून कसं आहे, हे शुक्रवारी गल्लीला आपोआप समजायचं. आजही मी फोनवर बोलायला लागले की माझी मुलगी उठून तिच्या खोलीचं दार लावून घेते.

एवढ्या आरडाओरड्याच्या घरात मी मात्र न बोलणारी म्हणून प्रसिद्ध होते. पाहुणे म्हणायचे, बेबी किती शांत आहे. आईला त्याचं कौतुक. शांत मुलीच्या पोटात काय काय राहून जातं याची चौकशी कुणी करत नाही, आणि ती स्वतः तर सांगतच नाही. आता पन्नाशी उलटून गेली, केस रंगवायचे सोडून दिले, तेव्हा हेही सोडून द्यावं म्हटलं.

पप्पा विजेच्या ऑफिसात बिलांच्या खिडकीवर बसायचे. तारेला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, पण लाइट गेली की गल्ली आमच्या दारात. ते बिचारे घामाघूम होऊन मेणबत्ती शोधत असायचे आणि बाहेरून लोक विचारायचे, साहेब, कधी सोडताय? जणू बटण त्यांच्या उशाखाली. तर त्यांच्या ऑफिसातल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याची काचेची टाकी पप्पांनी हातगाडीवर घालून घरी आणली. घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, तिथे मासे कुठे पसरणार, असं आईने विचारलं. पप्पांनी आईच्या ट्रंका पलंगाखाली सरकवल्या आणि त्या जागी, बरोब्बर कारखान्याच्या भिंतीला लागून, टाकी मांडली. पाणी भरलं, आणि लूम सुरू होताच पाण्यावर वर्तुळं उठायला लागली, कुणी चहावर फुंकर घालतंय तशी.

त्यावर उपाय काढला रफिकचाचांनी. ते त्या कारखान्याचे फोरमन. खिशात पाना, कानावर पेन्सिल, बनियनवर तेलाचे डाग. घर तिकडे आझमगढकडच्या मुलुखात, बायकोमुलं तिकडेच. हे कारखान्याच्या माळ्यावर राहायचे. शुक्रवारी नमाज झाली की आमच्याकडे चहाला यायचे, आणि ईदला आमच्या घरी शेवयांचा डबा यायचा तो त्यांच्याच हातचा. त्यांनी कारखान्यातून सुताच्या चिंध्यांचा गठ्ठा आणला, त्याची गादी करून टाकीखाली घातली. वर्तुळं कमी झाली. म्हणाले, "लो, अब मछली को भी गद्दा मिल गया. हम तो अभी भी चटाई पे हैं."

पहिले मासे मेले, दुसरेही मेले. मग पप्पांनी एंजल आणले. एंजल पाहिला नसेल त्याला कसं सांगू? भाकरीचा तुकडा उभा धरावा तसा चपटा, वर आणि खाली लांब पर, पोटाखाली दोन मिशा, आणि चाल अशी की पोहतोय असं वाटतच नाही. उभ्या उभ्या सरकतो, लग्नात मानाच्या बाया सरकतात तसा. आणलेल्यांपैकी एक जगला. रुपेरी अंगावर काळे पट्टे. आईने नाव ठेवलं चांदी. मासे घरात नकोत म्हणणारी आईच अंडं उकडून, त्याचा पिवळा बलक ओढणीच्या फडक्यातून गाळून तिला भरवायला लागली. आम्हाला पांढरा भाग मिळायचा.

नवाब आला तो रफिकचाचांकडून. शेठच्या मुलाने हौसेने पाळला आणि शिकायला पुण्याला जाताना कारखान्याच्या ऑफिसात बरणीत सोडून गेला. संपूर्ण काळा, मखमलीतून कापल्यासारखा. बरणीत त्याला वळता येईना. शेठने चाचांना सांगितलं, घेऊन जा. चाचांनी तो आमच्या टाकीत सोडला आणि टाकीसमोर मांडी घालून बसले. दोघे आधी भांडले, तोंडाला तोंड लावून एकमेकांना ढकलत राहिले. मग एका शुक्रवारी बघतो तर दोघे मिळून टाकीतला पाइप तोंडाने साफ करताहेत. हा पाइप म्हणजे पप्पांनी ऑफिसातून आणलेला वायरिंगचा करडा तुकडा, टाकीत शोभेसाठी उभा केलेला. त्या पाइपावर चांदीने अंडी घातली, मोत्यांच्या ओळी लावाव्यात तशी, आणि दोघे शेजारी उभे राहून परांनी वारा घालत राहिले. सकाळी उठलो तर पाइप स्वच्छ. अंडी खाऊन टाकली होती. आईने दिवसभर टाकीकडे बघितलं नाही. चाचांनी तिची समजूत घातली, "पहली बार है भाभी. सीख जाएंगे."

शिकले तर पिल्लं कुणाची, हा प्रश्न तेव्हा निघाला. मादी आमची, नर चाचांचा. पप्पा म्हणत होते सगळी चाचांची, चाचा म्हणत होते सगळी तुमची, आणि दोघांची सभ्यता अशी वाढत चालली की भांडण व्हायची वेळ आली. नेमकी त्या दिवशी दिघाशीहून माझी आत्या आली होती. तिच्या शेळ्या गावात वाटणीवर दिलेल्या असायच्या. तिने तंबाखू मळता मळता निकाल दिला, "त्यात काय हाय? शेळी अर्धेलीनं देताव तसंच. जनावर याचं, सांभाळनार तुमी. पिल्लं निम्मी त्याची, निम्मी तुमची. आन् मेलं त कान दाखवायचा."

पप्पांनी विचारलं, "माशाला कान कुठे असतो?"

"मंग अख्खा मासा दाखव. पन दाखव. दाखवला न्हाय तर इकून खाल्ला असं समजत्यात."

चाचांना हा कायदा फार आवडला. त्यांच्या गावीही बकऱ्या अशाच देत, तिथे त्याला अधिया म्हणतात म्हणाले. त्यांनी आत्याच्या हातावर हात मारला आणि नवाब रीतसर आमच्याकडे अर्धेलीने राहिला. गल्लीत ही गोष्ट पसरली. लोक यायचे, टाकीत डोकावायचे आणि विचारायचे, यातला अर्धा कुठला?

मी तेव्हा बारावी सायन्सला होते. टाकीचं पाणी बदलणं माझं काम. नळाचं पाणी पिंपात काढून, झाकण उघडं ठेवून, एक दिवस तसंच राहू द्यायचं, औषधाचा वास उडून गेला की मग टाकीत घालायचं. एका शुक्रवारी आईपप्पा दिघाशीला लग्नाला गेले होते. मैत्रिणीच्या घरी नव्या कॅसेटी आल्या होत्या आणि मला तिकडे जायचं होतं. पाणी काढून ठेवायला मी आदल्या दिवशी विसरले होते. नळ आला, पाइपलाइनचं काम झालेलं, पाण्याला ब्लीचिंगचा असा वास की डोळ्यांत यावा. मी बादली भरली आणि थेट टाकीत ओतली. कॅसेटी ऐकून परत आले तर चांदी कोपऱ्यात धापा टाकत होती आणि नवाब आडवा तरंगत होता.

मी काय केलं, तर त्याला कागदात गुंडाळून मागच्या गटारात टाकला. हात धुतले. टाकीतलं पाणी काढून शेजारणीच्या पिंपातलं शिळं पाणी मागून आणून घातलं. चांदी सावरली. आणि मग, शांत बसल्यावर, आत्याचा कायदा आठवला. गटारापाशी धावत गेले तर कागद तेवढा होता. मांजर काम उरकून गेलं होतं. मासा मेला हे सांगता आलं असतं हो. कुणी मारलं नसतं मला. पण दाखवायला काहीच नव्हतं, आणि सतरा वर्षांच्या माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं की आता पप्पांनी नवाब विकून खाल्ला असं चाचा समजणार. आज हसू येतं. तेव्हा मात्र मी ओढणी घेतली, शेअर जीपमध्ये बायकांच्या मध्ये दाटीवाटीने बसले आणि कल्याणला गेले.

तिथल्या माशांच्या दुकानदाराकडे काळा एंजल होता, जवळजवळ तेवढाच. मी विचारलं, हा नर आहे ना? तो पान चघळत म्हणाला, "पोरी, एंजलमधला नर-मादी ब्रह्मदेवाला ओळखू येत नाही, मला काय विचारतेस? जोडी लागली की समजायचं." पिशवीतल्या पाण्यात तो मासा, पिशवी ओढणीत, आणि मी जीपच्या प्रत्येक गचक्याला जीव मुठीत धरून. संध्याकाळी तो टाकीत होता. पप्पा लग्नाहून आले, लग्नातल्या मटणाची तारीफ करत टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, नवाब जरा उतरल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी चाचाही तेच म्हणाले, आणि स्वतःच कारणही दिलं, की चांदी नाकात दम आणत असेल, लग्न झालेल्या माणसाचं असंच होतं. आईने त्यांना उद्देशून पप्पांना टोमणा मारला. सगळे हसले. मीही हसले.

नव्या नवाबाची आणि चांदीची जोडी लागायला वेळ गेला, पण लागली. पुन्हा पाइपावर अंडी आली. या वेळी कुणी खाल्ली नाहीत. पण दोन दिवसांत ती एकेक करून पांढरी पडली, साबुदाण्यासारखी, आणि मग त्यांच्यावर बुरशी आली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. दर वेळी चाचा शुक्रवारी येऊन पाइपाकडे बघत बसायचे आणि त्यांचा चहा निवायचा. माणूस मुलुखाला वर्षातून एकदा जाणारा. त्यांचं धाकटं पोर त्यांना ओळखत नाही, 'कौन है' विचारतं, हे त्यांनी एकदा हसत सांगितलं होतं. या पिल्लांची वाट ते आमच्यापेक्षा जास्त बघत होते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

शेवटी कारण त्यांनीच शोधून काढलं. ते भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि पप्पांना म्हणाले, "भाऊसाहेब, अंडा शुक्रवार को देती है, बराबर? उस दिन सन्नाटा. शनिवार को मेरा लूम चालू, और अंडा मरता है. मेरे लूम की धमक है ये." पप्पांनाही ते पटलं. आमच्या घरी कुठल्याही गोष्टीचा दोष लूमला किंवा वीज मंडळाला देण्याची पद्धत होती, आणि या वेळी लाइट तर होती. मग चाचांनी ठरवलं की चांदीने अंडी घातली की आमच्या भिंतीला लागलेले दोन लूम पिल्लं निघेपर्यंत बंद ठेवायचे. फोरमनला ते अवघड नव्हतं. बीम बदलायचाय असं सांगायचं. बीम म्हणजे ताण्याच्या सुताचा मोठा रूळ, तो संपला की लूम थांबतोच. तिथल्या कारागिरांना त्यांनी दुसऱ्या लूमवर लावून दिलं. ते कुरकुरले, कारण हात बसलेला लूम सोडून दुसऱ्यावर जायचं म्हणजे कापड कमी निघतं. तरी एकदा बंद ठेवले. अंडी पांढरी. चाचा म्हणाले, थोडे उशिरा बंद केले, पुढच्या वेळी शनिवारी पहाटेपासूनच.

ती पुढची वेळ माझ्या डोळ्यांदेखत आली. शुक्रवार दुपार, आईपप्पा झोपलेले, मी टाकीसमोर पुस्तक घेऊन. चांदी पाइपावरून खालून वर सरकत गेली आणि मागे अंड्यांची ओळ राहिली. तिच्या मागून काळा सरकला. नराने त्या ओळीवरून नुसतं जायचं असतं. काळ्याच्या मागेही ओळ राहिली. मी पुस्तक बाजूला ठेवलं, काचेला नाक लावलं. पुन्हा चांदी, पुन्हा काळा, आणि दोघांच्याही मागे मोती. दोन्ही माद्या होत्या. कुठलाही लूम बंद करून त्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं.

शनिवारी सकाळी ते दोन लूम बंद होते. भिंतीचा तेवढाच भाग मुका, बाकी कारखाना चालूच. मी सांगायला म्हणून निघाले. कारखान्याच्या दाराशी गेले तेव्हा चाचा त्या दोन थांबलेल्या लूमच्या मधल्या वाटेत उभे होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, घरात बाळ झोपलंय अशा थाटात, आणि मिश्कील हसले. आजूबाजूला एवढा खडखडाट की मी ओरडले असते तरी ऐकू गेलं नसतं, आणि हे गप्प राहायला सांगताहेत. मी परत फिरले. मादी आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न काय येईल, मग नवाब कुठेय? खरं तर असं कुणी विचारलं नसतं. सगळ्यांनी एवढंच म्हटलं असतं की आपली ओळखण्यात चूक झाली. पण चोराच्या मनात चांदणं. रविवारही तसाच गेला. रविवारी आईने वाटाण्याची उसळ केली होती आणि मी दोनदा वाढून घेतली, हेही लिहून ठेवते.

सोमवारी शेठ आला. कुण्या कारागिराने कान भरले होते. भरलेला बीम चढवलेला असताना लूम बंद का, असं त्याने विचारलं. रफिकचाचांना माणसाच्या तोंडावर खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, मछली ने अंडे दिये हैं. सगळा कारखाना हसला म्हणतात; शेठला वाटलं हा आपली टर उडवतोय. त्याने त्यांच्या खिशातला पाना काढून घेतला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला शेठचा जुना कारखाना होता, तिथे साध्या कारागिरासारखं लूम चालवायला पाठवलं. त्या वयात, दिवसभर उभं राहून. पप्पा शेठकडे रदबदली करायला गेले तर शेठने ऐकवलं, आधी तुमच्या ऑफिसातून लाइट नीट सोडा.

जाताना चाचा निरोप घ्यायला आले. पांढरी पडलेली अंडी पाइपावर तशीच होती. पप्पांनी खाली मान घालून सांगितलं, तुमचं जनावर घेऊन जा, आमच्याकडे त्याला यश नाही. चाचांनी काळा मासा बरणीत घेतला, बरणी छातीशी धरली आणि बसच्या धक्क्यांनी पाणी सांडेल म्हणून सगळं गाव ओलांडून पायी गेले.

मग बरेच दिवस शुक्रवारचा चहा पप्पांनी एकट्याने घेतला. आई चांदीला भरवायची, पण गाळून नाही, बलक तसाच कुस्करून.

आणि एका शुक्रवारी दारात चाचा. वाळलेले, दाढी वाढलेली, पण चेहरा असा की आधी मला वाटलं मुलुखाहून पोरांना घेऊनच आले. हातात फुगवलेली प्लास्टिकची पिशवी, आत पाणी, आणि पाण्यात काळे-रुपेरी तुकडे, बोटाच्या नखाएवढे, प्रत्येकाला त्याचे त्याचे इवले पर. त्या कारखान्याजवळच्या चहाच्या हॉटेलात टाकी होती. हॉटेलवाल्याच्या एंजलबरोबर काळ्याची जोडी लागली, आणि पहिल्याच वेळी पिल्लं निघाली. हॉटेलवाल्याला त्याचा वाटा देऊन झाला होता. राहिलेल्यातली निम्मी ते आमच्यासाठी घेऊन आले होते, कारण जनावर आमच्याकडून परत नेलं असलं तरी सांभाळ आमचा होता.

आईने पदराने डोळे पुसले. पप्पांनी पिशवी उजेडात धरली. मग त्यांचा चेहरा पडला आणि ते म्हणाले, म्हणजे खोट आमच्या चांदीत होती. चाचा, आमच्या मादीपायी तुमची जागा गेली. चाचा नको नको म्हणत होते, पण त्यांच्याही मनात प्रश्न होता. तिथेही लूम होते, जुने, जास्त धडधडणारे. ते माझ्याकडे वळले. "बेबी, तू सायन्स पढ़ती है. बता, गड़बड़ क्या थी?"

मी सांगितलं. म्हणजे त्यातलं सांगण्यासारखं सांगितलं. दोघी माद्या होत्या चाचा, म्हणाले. तुमचा नवाब नर नव्हताच.

पप्पा हसायला लागले, आई हसायला लागली, आणि चाचा तर असे हसले की त्यांनी भिंतीला टेकून घेतलं. "या अल्लाह. दो बेगम! और मैं लूम बंद करके बैठा हूँ." आई म्हणाली, सवती सवती असून एवढ्या गोडीने नांदल्या, माणसांना जमत नाही. हसता हसता चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत त्यांनी सहज विचारलं, त्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं:

"तुझे कब पता चला?"

मासा मेला तो माझ्या आळसाने. दुसरा आणला तो भीतीने. त्याला मी पोरबुद्धी म्हणू शकते, म्हणतेही. पण या प्रश्नाच्या वेळी मला कसलीच भीती नव्हती. घर हसत होतं, पिल्लं जिवंत होती, समोरच्या माणसाचं जे जायचं ते गेलंच होतं आणि तो रागावलेला नव्हता. मी खरं सांगू शकले असते.

"आत्ताच," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत त्यावरून."

"देखा?" चाचा पप्पांना म्हणाले. "हम दो बुड्ढे महीनों दीवार को कान लगाके बैठे, और लड़की ने एक मिनट में पकड़ लिया. इसको आगे पढ़ाओ, भाऊसाहेब." पप्पांची छाती फुगली. आईने सगळ्यात आधी माझ्या हातात चहा दिला. चाचांनी पिशवीची गाठ सोडली, ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, तूच सोड, तुझ्या हाताला यश आहे. मी चहा खाली ठेवला, पिशवी टाकीत तिरकी केली, आणि एकेक पिल्लू बाहेर येऊन, जरा थांबून, आमच्या पाण्यात पोहायला लागलं.